मोलॅसिसची बाटली: कोणती घ्यावी, कशासाठी घ्यावी आणि कशासाठी घेऊ नये

मोलॅसिस या नावाने मिळणारा काळसर, दाट पाक घरात असावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला एक अट आहे. बाटलीत कितव्या उकळीचा पाक आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. साखर कारखान्यात जिला मळी म्हणतात तीच ही वस्तू, आणि पहिल्या उकळीची मळी व शेवटच्या उकळीची मळी यांत इतके अंतर असते की एकीच्या जागी दुसरी वापरली तर अख्खा केक कडवट होऊन बसतो. तरीही पुष्कळ बाटल्यांवर दोघींना एकच नाव छापलेले असते. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या मालाचे नाही. हलकी (पहिल्या उकळीची), गडद (दुसऱ्या उकळीची) आणि ब्लॅकस्ट्रॅप (शेवटच्या उकळीची) अशा तिन्ही प्रती मी स्वयंपाकघरात, बागेत आणि हत्यारांच्या पेटीपाशी वापरून पाहिल्या, आणि त्यातून जे मत बनले ते येथे कारणांसह मांडत आहे.

प्रतींमधला फरक कारखान्यातच ठरतो, म्हणून आधी तिकडे पाहिले पाहिजे. उसाचा रस चुना घालून तापवतात, म्हणजे त्यातला गाळ खाली बसतो. निवळलेला रस आटवून दाट पाक करतात आणि तो व्हॅक्यूम पॅनमध्ये, म्हणजे हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात, बेताच्या तापमानावर उकळतात. पाक पुरेसा दाट झाला की त्यात साखरेचे दाणे धरू लागतात. दाणे आणि पाक यांचे ते रवाळ मिश्रण सेंट्रिफ्यूजच्या जाळीदार टोपलीत वेगाने फिरवले, की दाणे टोपलीत अडकून राहतात आणि पाक बाहेर फेकला जातो. हा बाहेर आलेला पाक म्हणजे मळी. पहिल्या फेरीच्या मळीत साखर भरपूर असते, म्हणून ती पुन्हा उकळतात, पुन्हा दाणे काढतात, आणि बहुधा तिसऱ्या फेरीला थांबतात. प्रत्येक फेरीत साखर कमी होत जाते आणि उसातले क्षार, रंगद्रव्ये व उष्णतेने करपलेल्या साखरेचा अंश वाढत जातो. शेवटच्या मळीतही साधारण तिसरा हिस्सा साखर शिल्लक असते, परंतु सभोवतालचे क्षार आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज तिला दाणे धरू देत नाहीत आणि ती वेगळी काढण्याचा खर्च परवडत नाही. एक टन उसामागे अशी शेवटची मळी सुमारे ४० ते ४५ किलो निघते. बाटलीबंद होऊन येणारी ब्लॅकस्ट्रॅप ती हीच.

काकवी ही याहून निराळी वस्तू आहे. काकवीत रस नुसता आटवलेला असतो आणि त्यातून साखर काढून घेतलेली नसते, त्यामुळे तिची गोडी सरळ व भरघोस असते. मळीकडून तशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होणे अटळ आहे. डाळिंब, द्राक्षे किंवा खजूर यांचे मोलॅसिस म्हणून जे विकतात, ते त्या त्या फळांचे आटवलेले रस असतात आणि त्यांचा साखर कारखान्याशी काहीही संबंध नसतो. शुगर बीटपासून साखर करतानाही मळी निघते, पण तिची चव व वास माणसाला मानवत नाहीत, म्हणून ती बहुतेक करून यीस्टच्या कारखान्यांत आणि जनावरांच्या खाद्यात जाते.

आता चवीकडे वळतो. हलकी मळी जिभेवर ठेवली की प्रथम गोडवा लागतो आणि मागून किंचित आंबूसपणा येतो. गडद मळीत गोडव्याच्या बरोबरीने करपलेल्या साखरेचा खमंगपणा असतो, आणि तीन प्रतींपैकी एकच ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन. ब्लॅकस्ट्रॅप मात्र चमच्याने चाखण्याची वस्तू नव्हे. तिचा गोडवा क्षणभर टिकतो, मग खारटपणा, मग धातूसारखी तुरट चव आणि अखेरीस बराच वेळ न जाणारा कडवटपणा राहतो. हा दोष मानण्याचे कारण नाही. ज्या पदार्थात कांदा, लसूण, तिखट आणि व्हिनेगर आहे, त्यात हाच कडवटपणा चवीला खोली देतो, आणि मांस किंवा कडधान्ये मंद आचेवर शिजवताना एक चहाचा चमचा ब्लॅकस्ट्रॅप रसाचा रंगही पालटून टाकते. अनेक बाटलीबंद सॉसमध्ये आणि गडद पावांमध्ये मळी असते ती याच गुणासाठी.

हाताळण्याच्या बाबतीत ही वस्तू संयमाची परीक्षा पाहते. थंड हवेत बाटली उलटी केली तरी तोंडाशी एक जाड थेंब तयार होतो, तो लांबत लांबत दोरीसारखा खाली येतो, आणि हवे तेवढे माप झाल्यावर बाटली सरळ केली तरी दोर तुटत नाही. तो बाटलीच्या गळ्यावर, ओट्यावर आणि बोटांवर येऊन बसतो. मापाच्या चमच्याला आधी तेलाचे बोट फिरवले तर मळी त्याला चिकटून न राहता पूर्ण उतरते, आणि बाटली पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात उभी ठेवली तर धार सुटते. लिटरभर मळीचे वजन सुमारे १.४ किलो भरते, त्यामुळे कृतीत माप वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे पाहिल्याशिवाय हात घालू नये.

भाजलेल्या पदार्थांत मळीची खरी किंमत कळते. तिच्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतला व पिठातला ओलावा धरून ठेवतात, म्हणून मळी घातलेले केक व मऊ बिस्किटे नुसत्या साखरेच्या पदार्थांपेक्षा अधिक दिवस मऊ राहतात. आल्याच्या केकची चव तर दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते. मळी सौम्य आम्लधर्मी असते, त्यामुळे खायच्या सोड्याशी तिचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. एक कप मळीला सुमारे अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. नुसत्या बेकिंग पावडरवर भिस्त ठेवली तर पावडरचे आम्ल आणि मळीचे आम्ल असे दोन्ही जमून पदार्थ किंचित आंबट व दडस होण्याचा संभव असतो. साखरेच्या जागी मळी घेताना आणखी एक हिशेब विसरू नये: तिच्या वजनाचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक वाटा पाणी असतो, म्हणून कृतीतले दूध किंवा पाणी त्या मानाने कमी करावे लागते. सगळी साखर काढून सगळी मळी घालण्याच्या फंदात तर पडूच नये; एक तृतीयांश साखरेची जागा मळीला दिली की चव पुरेशी येते.

ज्यांना यांपैकी काहीच करायचे नाही, त्यांनीही एका कारणासाठी गडद मळीची लहान बाटली घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते कारण म्हणजे ब्राउन शुगर. बाजारात मिळणारी बरीचशी ब्राउन शुगर ही पांढरी साखरच असते, जिच्या दाण्यांवर मळीचा लेप दिलेला असतो. फिक्या प्रकारात मळीचा वाटा साधारण साडेतीन टक्के आणि गडद प्रकारात साडेसहा टक्के असतो. घरी २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत एक मोठा चमचा मळी घालून ती काट्याने किंवा बोटांच्या टोकांनी चोळत राहावे. सुरुवातीला मळी गोळ्या-गोळ्यांनी साखरेत फिरते आणि मिश्रण बिघडले असे वाटते. परंतु दोन-तीन मिनिटांत प्रत्येक दाणा पिंगट होऊन ओल्या वाळूसारखा दबू लागतो. अधिक गडद हवी असल्यास दुसरा चमचा घालावा. हवी तेव्हा, हवी तेवढी आणि कधीही दगड न झालेली ब्राउन शुगर या मार्गाने मिळते, आणि साखर व मळी वेगवेगळ्या ठेवल्या की दोन्ही दीर्घकाळ टिकतात.

लेबलांविषयी माझी तक्रार गंभीर आहे. माझ्याकडे आलेल्या एका बाटलीवर शुद्ध, नैसर्गिक आणि पारंपरिक ही तिन्ही विशेषणे होती, पण मळी कितव्या उकळीची आहे, तिच्यावर गंधकाची प्रक्रिया झाली आहे की नाही, आणि ती उसाची आहे की बीटची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. गंधकाचा मुद्दा क्षुल्लक नाही. मळी टिकावी म्हणून, विशेषतः कोवळ्या उसाच्या बाबतीत, सल्फर डायऑक्साइड वापरण्याची पद्धत आहे. त्याने चवीत एक रासायनिक झाक येते, आणि त्यातून मळीत राहणाऱ्या सल्फाइटचा त्रास होणाऱ्या, विशेषतः दम्याच्या, रुग्णांसाठी अशी मळी धोक्याची असू शकते. अनसल्फर्ड, म्हणजे गंधकाची प्रक्रिया न केलेली, असा स्पष्ट उल्लेख असलेली बाटलीच घ्यावी. बाटली उजेडासमोर धरून कडेचा पातळ थर पाहिला तर हलकी मळी तांबूस पारदर्शक दिसते आणि ब्लॅकस्ट्रॅपमधून जवळजवळ काहीच दिसत नाही, एवढी खूण मात्र लेबलाविनाही उपयोगी पडते.

आरोग्याच्या नावाखाली जे सांगितले जाते त्याच्याशी मी सहमत नाही, आणि हे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण या वस्तूची विक्री आज बरीचशी त्याच बळावर होते. अमेरिकेत १९५० च्या सुमारास गेलॉर्ड हाउझर या आहारप्रचारकाने ब्लॅकस्ट्रॅपची गणना आपल्या पाच अद्भुत अन्नांत केली आणि तेव्हापासून रोज एक चमचा मळी अंगात रक्त भरते, केस काळे ठेवते, सांधे मोकळे करते अशा समजुती फिरत राहिल्या आहेत. आकडे पाहिले तर चित्र साधे आहे. साध्या खाद्य मळीच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे २० ग्रॅममध्ये, ५८ कॅलरी, १५ ग्रॅम कर्बोदके, ०.९ मिलिग्रॅम लोह, ४१ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि २९० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. पांढऱ्या साखरेत यांतले खनिज जवळजवळ काहीच नसते, त्यामुळे साखरेच्या तुलनेत मळी निश्चितच सरस ठरते, आणि ब्लॅकस्ट्रॅपमध्ये ही मात्रा आणखी जास्त असू शकते. परंतु १९ ते ५० वयाच्या स्त्रीला दिवसाला लागणारे लोह अमेरिकी शिफारशीप्रमाणे १८ मिलिग्रॅम आहे. ती गरज एका चमच्याने भागत नाही आणि चमचे वाढवले तर साखरही त्याच प्रमाणात पोटात जाते. रक्तक्षयाचे निदान झालेल्या व्यक्तीने मळीच्या भरवशावर औषध टाळणे हे नुकसानकारक आहे. मधुमेहींसाठी ती साखरच आहे, आणि मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम मोजून घ्यावे लागते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

स्वयंपाकघराबाहेर मळीचे जे उपयोग आहेत, त्यांत गंज काढण्याचा उपयोग मला सर्वांत समाधान देऊन गेला. एक भाग स्वस्त मळी आणि नऊ-दहा भाग पाणी असे द्रावण करून त्यात गंजलेले लोखंडी हत्यार बुडवून ठेवले, की मळीतली सेंद्रिय आम्ले आणि इतर संयुगे गंजातल्या लोहाला धरून हळूहळू द्रावणात ओढतात, आणि खालच्या निरोगी लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. हे काम दिवसांत मोजावे लागते, गंज जाड असेल तर आठवड्यांत. माझ्या जुन्या पान्याच्या जबड्यावर गंजाचे पापुद्रे होते आणि त्याचा स्क्रू हलत नव्हता. बाहेर काढला तेव्हा त्यावर काळ्या मऊ लगद्याचा थर होता, तो ताठ ब्रशने पाण्याखाली निघाला, आणि आतून राखाडी, दाणेदार पण स्वच्छ धातू दिसू लागला. जबड्यावरचे मापाचे आकडे पुन्हा वाचता आले. काही पथ्ये पाळावी लागतात. द्रावण आंबते आणि त्याला उग्र वास येतो, म्हणून बादली घराबाहेर ठेवावी व झाकण घट्ट लावू नये. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भाग त्यात टाकू नयेत. बाहेर काढल्यावर धुऊन, पुसून ताबडतोब तेल लावावे, अन्यथा तासाभरात नवा गंज धरतो.

बागेत मळी झाडाला नव्हे, मातीतल्या जीवाणूंना खाऊ घालते. कंपोस्ट थंड पडले असेल तर बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे मळी विरघळवून शिंपडल्याने ते पुन्हा तापू लागते, एवढा अनुभव खात्रीने सांगतो. कुंडीत घट्ट द्रावण ओतले तर मात्र मुंग्या आणि बुरशी यांनाच आमंत्रण मिळते. दूषित भूजल शुद्ध करण्याच्या कामी अभियंते हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात: जमिनीत मळीचे द्रावण सोडले की जीवाणू वाढून तिथला ऑक्सिजन संपवतात आणि त्या स्थितीत विषारी षट्संयोजी क्रोमियमचे रूपांतर कमी घातक, न विरघळणाऱ्या रूपात होते.

उद्योगांतली तिची व्याप्ती ज्यांनी फक्त बाटली पाहिली आहे त्यांना सहसा माहीत नसते. पाव फुगवणारे यीस्ट मळीवरच वाढवतात. एक टन शेवटच्या मळीतून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळते, आणि बहुतेक रम तर मळीचीच. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी मळी, युरिया आणि खनिजे यांच्या चाटण-विटा करतात. त्यातल्या युरियापासून पोटातले सूक्ष्मजीव प्रथिने बनवतात आणि मळी त्यांना ऊर्जा पुरवते. मुरघास लवकर मुरावा म्हणूनही ती घालतात, आणि पशुखाद्याची धूळ बसवण्यासाठीही. ओतशाळेत साच्याची वाळू बांधायला मळी लागते. काँक्रीटमध्ये अल्प प्रमाणात मिसळली तर सिमेंट आवळण्याचा वेग मंदावतो. एकोणिसाव्या शतकात छापखान्यांतले शाई लावण्याचे रूळ सरस आणि मळी यांच्या मिश्रणाचे ओतत असत, कारण मळी सरसाला कोरडा पडू देत नसे. थंड प्रदेशांत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मिठाच्या पाण्यात बीटची मळी मिसळतात. ती मीठ रस्त्याला चिकटवून ठेवते. यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी तीनच गुण आहेत: चिकटणे, ओलावा धरणे आणि सूक्ष्मजीवांना पोसणे.

इतिहासात या वस्तूला आलेला अर्थ मात्र गोड नाही. कॅरिबियन बेटांवरची साखर आणि तिच्यासोबतची मळी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर तयार होत होती. ती मळी उत्तर अमेरिकेत जाऊन तिची रम बने आणि त्या रमचा काही भाग पुन्हा गुलाम विकत घेण्यासाठी आफ्रिकेकडे जाई. ब्रिटिश संसदेने १७३३ मध्ये परदेशी बेटांवरून आपल्या अमेरिकी वसाहतींत येणाऱ्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला, तो चुकवण्यासाठी चोरटी आयात फोफावली, आणि १७६४ मध्ये कर तीन पेन्सवर आणून कडक वसुली सुरू झाल्यावर असंतोष वाढला. अमेरिकी स्वातंत्र्यात मळी हा एक आवश्यक घटक होता हे कबूल करायला लाजण्याचे कारण नाही, असे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी १८१८ मध्ये एका पत्रात लिहिले. स्वयंपाकघरात तिला गरिबाची साखर म्हणून दीर्घकाळ जे स्थान होते, ते तिच्या स्वस्ताईतून आले होते, आणि ती स्वस्ताई कोणाच्या पाठीवर उभी होती हे तिचे गुण गाताना विसरता येत नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी औद्योगिक अल्कोहोलसाठी साठवलेल्या मळीची सुमारे १५ मीटर उंच टाकी फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यांवर लोटली, २१ माणसे मेली आणि दीडशेच्या आसपास जखमी झाली. टाकीचे पोलाद आवश्यकतेपेक्षा पातळ होते आणि ती आधीपासून झिरपत होती. घातपाताचा मालकांचा बचाव टिकला नाही आणि १९२५ मध्ये जबाबदारी कंपनीवर आली. लाट धावली ती मळीच्या वजनामुळे, आणि थंडीत ती घट्ट होत गेल्याने अडकलेल्यांना सोडवणे अधिकच कठीण झाले. हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या बंदरात सप्टेंबर २०१३ मध्ये एका गळक्या नळातून सुमारे १४०० टन मळी समुद्रात गेली. ती विषारी नव्हती. पण पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसली, तिच्यावर सूक्ष्मजीव माजले, पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि २६,००० हून अधिक मासे व इतर जलचर मेले.

म्हणून शिळी मळी किंवा गंज काढून झालेले द्रावण ओढ्यात, तळ्यात किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात कधीही ओतू नये. खाद्य मळी काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी वर्षभर सहज टिकते. फ्रीजची गरज नाही, तिथे ती फक्त अधिक घट्ट होते. ओला चमचा आत घालू नये, कारण वरच्या थरात पाणी मिसळले की तिथूनच आंबणे सुरू होते. दर वापरानंतर बाटलीचा गळा गरम पाण्याच्या फडक्याने पुसावा, नाहीतर झाकण असे चिकटते की ते काढताना बाटली फुटायची. झाकण फुगलेले दिसले, उघडताना फुस्स आवाज आला किंवा दारूसारखा वास आला, तर ती मळी खाऊ नये. भरपूर पाण्यात मिसळून कंपोस्टच्या ढिगावर घालावी.